होडीतून गरवायला जाताय? पायताणाच्या या चुका टाळा

मार्च उजाडला की पुण्या-मुंबईहून रॉड घेऊन गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, येणाऱ्यांची दापोली, गुहागर, मालवणकडे रीघ लागते. रील कुठली, ल्युअर (गळाचं नकली आमिष) कुठलं, दोरी किती पौंडाची यावर महिनाभर खल झालेला असतो. पायात मात्र निघताना दाराशी जे सापडलं ते. दर उन्हाळ्यात तेच तेच बघून जीव वैतागतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट, कारण बाकी सगळं तिच्यावरून ठरतं. आपल्याकडच्या कितीतरी लहान होड्यांना चढा-उतरायला धक्का (जेटी) नसतो. पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरून, गुडघाभर पाण्यात शिरायचं आणि काठ धरून आत चढायचं. म्हणजे पहिला मासा लागायच्या आधीच बूट भिजलेला असतो. तेव्हा 'वॉटरप्रूफ' बूट शोधत बसणं हीच मुळात चूक. घोट्याकडून आत गेलेलं पाणी त्यातून बाहेर पडत नाही आणि एप्रिलच्या उन्हात पाय तासन् तास त्या कोमट पाण्यात राहतात. कातडी पांढरी पडून सुरकुतते, मग टाचेला फोड. पाणी आत येणारच, ते चार पावलांत निघून गेलं की झालं. तळाला किंवा कडेला भोकं असलेला, पाणी न पिणाऱ्या कापडाचा, पुढून बंद आणि टाच धरून ठेवणारा बूट घ्या.

कोरड्या फरशीवर पकड बघणं

दुकानात दोन पावलं चालून 'ग्रिप मस्त आहे' म्हणणारे लोक बघितले की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. कोरड्या फरशीवर सगळ्याच बुटांची पकड मस्त असते. होडीत फायबर असतं, त्यावर खारं पाणी, त्यात माशाचा बुळबुळीत चिकटा, आणि कुठेतरी इंजिनाच्या तेलाचा थेंब.

हर्णैजवळची गोष्ट. आमच्यातल्या एकाचा मेहुणा पहिल्यांदाच आला होता, पायात फोमचे भोकाभोकांचे नवेकोरे क्लॉग. हलके, पाण्यावर तरंगणारे, दिसायला अगदी समुद्रासाठीच केलेले. होडी चालवणाऱ्या तांडेलाने बघताक्षणी सांगितलं, "दादा, ते काढून ठेवा, नायतर बसून गरवा." दादांनी हसून सोडून दिलं. सकाळी समुद्र शांत होता तोवर काही झालं नाही. दहानंतर वारा उठला, होडी डुलायला लागली, खाली बांगड्यांचा चिकटा पसरलेला. तेवढ्यात त्याच्या रॉडला ओढ बसली आणि तो ताडकन उभा राहिला. क्लॉग जागेवर राहिला आणि पाय आतल्या आत फिरला. गुडघा काठावर आपटला, तोल सावरायला हात टेकला तो नेमका फळीवर ठेवलेल्या ल्युअरवर. तीन तोंडांच्या गळाचं एक टोक तळहातात काट्यासकट रुतलं. उलटा काटा आत गेल्यावर गळ ओढून काढायचा नसतो, तो डॉक्टरांनी काढला. तांडेलाने तिथूनच होडी वळवली आणि सगळ्यांची सकाळ संपली.

चूक फक्त तळाची नव्हती. ओल्या, मागून मोकळ्या बुटात पाय फिरतो, मग खालची पकड कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. क्लॉगचा मागचा पट्टा पुढे फिरवून ठेवणाऱ्यांनी तर होडीत पाऊलच टाकू नये असं माझं मत आहे.

तळ कसा असावा हे फार पूर्वी कळलेलं आहे. अमेरिकेतल्या पॉल स्पेरी यांनी आपला कुत्रा बर्फावर न घसरता पळताना पाहिला, त्याच्या पंजावरच्या बारीक भेगा बघितल्या आणि तशाच नागमोडी चिरा रबरी तळाला देऊन १९३५ साली होडीसाठीचा बूट काढला. पाय टेकला की चिरा उघडतात, खालचं पाणी बाजूला होतं आणि रबराच्या कडा पृष्ठभागाला धरतात. ट्रेकिंगच्या बुटाचे मोठे जाड खाचे मातीत रुतायला असतात, गुळगुळीत फायबरवर त्यांची फक्त टोकं टेकतात. सह्याद्रीत चालतो तो बूट होडीतही चालेल हा हट्ट म्हणूनच सोडा.

मी बूट घेताना तो हातात वाकवतो. चिरा उघडल्या पाहिजेत. तळावर नख दाबतो, थोडं रुतलं पाहिजे. प्लास्टिकसारखा टणक लागला तर परत ठेवतो, किंमत कितीही असो. घरी आणल्यावर न्हाणीघरातल्या गुळगुळीत फरशीवर पाणी आणि साबणाचा थेंब टाकून, भिंतीला धरून हळूच एका पायावर जोर देऊन बघतो. तिथे सरकला तर बदलून आणतो. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी परत करायची मुदत आधी वाचावी.

उघडी बोटं आणि शिंगाळा

सँडल घालायची हौस असेल तर एकदा होडीच्या तळाशी तडफडणारा शिंगाळा मासा बघा. पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे ताठ, करवती काटे, आणि त्यांना विष. नुसत्या जाळीच्या पातळ बुटातूनही काटा आरपार जातो. अशा बुटात एकाच्या करंगळीला काटा लागलेला मी पाहिलाय. धडधाकट माणूस, पण पाय धरून कळवळत होता. म्हणून बोटांवर जाड रबराची टोपी असलेलाच बूट घ्या, आणि मासा पायाशी सोडू नका. गळ पकडीने काढायचा आणि मासा थेट खोक्यात.

काटा लागलाच तर हळद, चुना, बर्फ यात वेळ घालवू नका. हे विष उष्णतेने निकामी होतं. सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात पाय ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवतात. बधिरलेल्या पायाला चटका कळत नाही, म्हणून पाणी आधी चांगल्या हाताने बघायचं. मग डॉक्टर गाठायचा, कारण काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताचं इंजेक्शनही लागू शकतं. माझ्या पिशवीत चहाचा वेगळा आणि नुसत्या गरम पाण्याचा वेगळा थर्मास असतो.

अनवाणी

"तांडेल नाही का अनवाणी फिरत?" हा प्रश्न दर वेळी येतो. त्यांचा जन्म त्या फळ्यांवर गेलाय, कुठे पाय ठेवायचा ते न बघता कळतं त्यांना. तुम्हाला कळत नाही. शिवाय कातळावरून चढायचं असेल तर दगडाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपा पाय चिरतात, आणि अशी जखम पिकायला वेळ लागत नाही. मधुमेह असेल त्यांनी तर या बाबतीत अजिबात धाडस करू नये.

बाकीच्या चुका

गमबूट: ट्रॉलरवर काम करणाऱ्यांसाठी ठीक. लहान होडीतून पाण्यात पडलात तर ते घालून पोहणं आणि परत चढणं कठीण.

सुती मोजे: ओले झाले की घासतात. घालायचेच तर सिंथेटिक, पातळ.

लांब नाड्या, बक्कल: दोरी आणि गळ अडकतात. ओढून आवळायची लवचीक नाडी बरी.

चामडं: खाऱ्या पाण्यात कडक होऊन तडकतं. नको.

मोठं माप: 'सैल असलं की आराम' हा गैरसमज. ओला बूट आणखी सैलावतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना माप घ्या आणि टाच हलणार नाही असाच घ्या.

सनस्क्रीन: पावलांच्या वरच्या बाजूला लावाच, पण पुळणीवर, बूट घालायच्या आधी. तेलकट हातांनी फळी धरली की पुढचा माणूस घसरतो.

पावसाळ्यात कपाटात

१ जूनला मासेमारीची बंदी लागते, आपलीही मोसम संपते, आणि खारट बूट तसेच पिशवीत कोंबले जातात. मग सप्टेंबरात पहिल्याच फेरीला तळ निसटतो. काही बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा असतो आणि दमट हवेत तो न वापरताही आतून कुजून भुगा होतो, कोकणातल्या पावसाळ्यात तर लवकरच. तेव्हा प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायचे, वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवायचे. फोमचे असतील तर तापलेल्या गाडीत ठेवू नका, आकसतात. पावसाळ्यानंतर होडीत चढायच्या आधी, घरीच, दोन्ही बूट वाकवून तळाच्या कडेला भेग पडलीय का बघा. पडली असेल तर ते बागेत वापरायला काढा आणि नवे घ्या.