तळताना लोणी सुटतंय? गोड-खारट क्रोनटला मी केलेला उपाय

क्रोनट म्हणजे क्रोसाँ (मैद्याच्या घड्यांत लोणी घालून केलेला पदरांचा फ्रेंच पाव) आणि डोनट एकत्र, 2013 ला न्यूयॉर्कमध्ये डॉमिनिक आन्सेल या शेफनं काढला. मला तो गोड-खारट पायजे होता, वर आपल्या कोल्हापुरी गुळाचं कॅरॅमल आणि जाडं मीठ. पण तळताना लोणी कढईत उतरायचं, पदर सुटायचे, खाताना नुसतं तेलकट. कारण असं की लोणी 32-35 डिग्रीला वितळतं आणि एप्रिलात आपल्या किचनमध्ये तेवढं तापतंयच, म्हणजे लाटतानाच लोणी मैद्यात मुरतं आणि पदर उरतच नाहीत.

मग पहाटे गारव्यात लाटायला घेतलं, दर घडीनंतर अर्धा तास फ्रीज, आणि कापलेल्या रिंगा फुगल्यावर तळायच्या आधी परत 15-20 मिनिटं फ्रीजमध्ये, हे शेवटचं लई महत्त्वाचं, इथंच सगळा फरक पडला. तेल 170-175 डिग्री, थर्मामीटर घ्याच.

गुळाच्या गरम पाकात क्रीम घातलं तर फाटू शकतं, म्हणून पाक कोमट होऊ द्या. मीठ पाकात नको, कॅरॅमल चिकट असतानाच वरनं भुरभुरा, जिभेला आधी मीठ लागतं मग गूळ, लई भारी लागतंय. त्याच दिवशी खा, दुसऱ्या दिवशी मऊ पडतात.