मी तर रेमच वापरत होतो!

सीएसएस (वेबपानाचं रूप ठरवायची भाषा) येतंय, त्यातली फ्लेक्सबॉक्सची मांडणी जमतंय, पहिली नोकरी नुकतीच लागलीय, अशांसाठी हे लिहितोय.

एका पतसंस्थेचं पान दाखवायला गेलो होतो. तिथल्या काकांनी क्रोमच्या सेटिंगमध्ये अक्षर 'खूप मोठं' करून ठेवलेलं, म्हणजे नेहमीच्या १६ ऐवजी २४ पिक्सेल. आमचं पान उघडलं आणि त्यांनी चष्मा कपाळावर सारून नाक पडद्याला टेकवलं. "हे एवढंच बारीक का रे?" मला उत्तर देता आलं नाही. ते अजून सलतं.

मी तर २०० टक्के झूम करून तपासलं होतं! इथेच फसलो. झूम केलं की पिक्सेलसकट सगळं पान मोठं होतं. सेटिंगमधलं अक्षर तसं नाही. ते फक्त ब्राउझरचा मूळ आकार बदलतं आणि रेम, एम (अक्षराच्या आकाराच्या पटीत मोजायची एककं) किंवा टक्क्यांत लिहिलेलंच त्याचं ऐकतं. मी सगळीकडे रेमच लिहिलं होतं. पण हिशेब सोपा जावा म्हणून सगळ्यात वर, एचटीएमएल या मूळ घटकालाच, १० पिक्सेलचा फॉन्ट दिला होता. रेम मोजला जातो तो तिथूनच. काकांचे २४ त्या एका ओळीत पुसले गेले. तिथे ६२.५ टक्के लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण माझं ऐकाल तर त्या घटकाला हातच लावू नका. १८ पिक्सेल हवेत तर १.१२५ रेम लिहा. भागाकार करायचा कंटाळा म्हणून असले शॉर्टकट उचलू नका. 'पिक्सेल परफेक्ट'चा, म्हणजे पान डिझाइनशी पिक्सेलन् पिक्सेल जुळवायचा, धोशा लावणारे सीनियर भेटतील, त्यांच्याकडून बाकीचं खूप शिका, हे नको.

ती ओळ काढल्यावर दुसरंच निघालं. 'अर्ज पूर्ण करा' या बटणातला रेफ वरून कापला गेला, उकार खालून. उंची ४० पिक्सेलवर बांधलेली आणि ओव्हरफ्लो, म्हणजे चौकटीबाहेर जाणारा भाग, लपवलेला. उंचीऐवजी किमान उंची आणि पॅडिंग द्या, ओळीची उंची १.६ च्या आसपास, एककाशिवाय. देवनागरीला वरखाली जागा लागतेच.

घाबरू नका, यात डिझाइन मरत नाही. रंग, टाइप, मोकळी जागा, मथळा आणि मजकुराचं प्रमाण, सगळं तुमचंच राहतं. सीएसएसमध्ये वाचकालाही स्वतःचे नियम, म्हणजे स्वतःची स्टाइलशीट, लावता येते. १९९६ च्या पहिल्या सीएसएसमध्ये नियमाला 'इम्पॉर्टंट' (हाच नियम वरचढ) लावल्यावर डिझायनरचा शब्द शेवटचा होता. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो मान वाचकाला दिला गेला, आणि मला ते शंभर टक्के पटतं. पण क्रोमने २०१४ मध्ये वाचकाची स्वतःची स्टाइलशीट ठेवायची सोयच काढून टाकली. एक्स्टेन्शन न टाकता त्याच्या हातात उरलंय काय? अक्षराचा आकार, डार्क मोड, हालचाल कमी करायची सेटिंग. तेही आपण मोडायचं?

मी आता क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल ठेवलंय, त्यात अक्षर कायम २४ वर. काम देण्याआधी प्रत्येक पान तिथे उघडतो. परवा त्यातच एका तक्त्याचे रकाने एकमेकांवर चढलेले सापडले. आज रात्री तेच घेऊन बसणार आहे.