सभासदांची यादी संगणकावर घेताय? या चुका टाळा

पतसंस्थेत सॉफ्टवेअर बसलं की माहिती प्रणाली उभी राहिली, असं समजलं जातं. खरं तर अर्ज भरून घेणारा, टाइप करणारा, ताडून पाहणारा आणि त्या नोंदीवरून लाभांश जमा करणारा, ही सगळी साखळी म्हणजे प्रणाली. बिघाड बहुतेक वेळा नोंदीच्या टेबलावरच होतो.

सगळ्यात महागात पडतो तो खाते क्रमांक. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच धरून ठेवतं. १६ अंकी क्रमांक टाइप केलात, की शेवटच्या अंकाचं शून्य होतं. सुरुवातीचं शून्यही उडतं. नंतर रकाना ‘टेक्स्ट’ केला तरी गेलेला अंक परत येत नाही, म्हणून टाइप करण्याआधीच तो टेक्स्ट करा. बँकेकडून आलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल क्लिकने उघडू नका, तिथेही हेच होतं. ‘डेटा’ मेनूतून आयात करा आणि तो रकाना टेक्स्ट निवडा.

आयएफएससीत, म्हणजे बँक शाखेच्या सांकेतिक क्रमांकात, ११ अक्षरं असतात आणि पाचवं शून्य असतं. तिथे हमखास इंग्रजी ‘ओ’ पडतो. लांबी तपासून ही चूक सापडत नाही, पाचवं अक्षर वेगळं तपासावं लागतं.

आता नावं. ‘गोऱ्हे’ आणि ‘गोर्‍हे’ डोळ्यांना सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द. पहिल्यात ऱ आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. शोधल्यावर नाव सापडत नाही, मग कर्मचारी नवी नोंद करतो आणि एकाच माणसाचे दोन सभासद होतात. सर्वांनी एकच कळफलक वापरा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ्’साठी शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी. आणि शोध नावावरून नको, सभासद क्रमांकावरून घ्या.

कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली यादी मंगल फॉन्ट लावून वाचता येत नाही. ती परिवर्तकातून (कन्व्हर्टरमधून) युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षर-संकेतात, आणा आणि जोडाक्षरं कागदाशी ताडून पाहा.

एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. २०२० मध्ये इंग्लंडात याच मर्यादेमुळे सुमारे १६ हजार कोविड रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले आणि त्यांच्या संपर्कातल्यांचा शोध लांबला. फाइल एक्सएलएसएक्समध्येच ठेवा.

डी ड्राइव्हवरची प्रत म्हणजे बॅकअप नव्हे. डी ड्राइव्ह बहुधा त्याच डिस्कचा भाग असतो, डिस्क गेली की मूळ यादी आणि प्रत दोन्ही जातात. प्रत संस्थेबाहेर ठेवा, महिन्यातून एकदा ती दुसऱ्या संगणकावर उघडा आणि कोणतेही दहा सभासद मूळ अर्जाशी जुळवून पाहा.