जुनं शिलाई मशीन ओळखायचं तर आधी शटल बघा

जुन्या सिंगर मशीनच्या बिल्ल्यावरचं १८५१ दाखवून ‘पावणेदोनशे वर्षांचं मशीन आहे’ असं सांगणारे लोक मला सांगलीच्या जुन्या बाजारात नेहमी भेटतात. १८५१ हे सिंगर कंपनी सुरू झाल्याचं साल. त्याच्या शेजारी १९५१ असेल, तर तो कंपनीच्या शंभरीचा बिल्ला आहे. आणि बिल्ला बसतो दोन बारीक पिनांवर. एका मशीनचा काढून दुसऱ्याला लावायला पाच मिनिटं लागतात. नक्षीचे स्टिकर बाजारात मिळतात, रंग तर कुणीही मारतं. त्यामुळे नाव वाचायच्या आधी सुईखालची सरकपट्टी ओढा.

आत बंदुकीच्या गोळीसारखं लांबट शटल (खालचा दोरा वाहून नेणारा भाग) आणि काडीसारखं लांब बॉबिन दिसलं, तर ते सिंगरचं २७ किंवा २८ हे मॉडेल. यातलं २८ आकाराने लहान. शटल वर उचलणारी कळ असेल, तर ते पुढचं १२७ किंवा १२८. बॉबिन केस डाव्या टोकाला उभी बसत असेल तर १५ ची घडण; आपल्याकडची बहुतेक काळी घरगुती मशीनं याच घडणीची, लुधियानात वेगवेगळ्या नावांनी बनलेलीसुद्धा. बॉबिन वरून आडवं टाकायचं असेल तर ६६, त्याचं धाकटं भावंड ९९, नाहीतर २०१. इथे गल्लत होते. चाक हळूहळू आपल्याकडे फिरवा: दोरा पकडणारा हूक थोडा जाऊन मागे आला तर ६६ किंवा ९९, पूर्ण गोल फिरला तर २०१. बैठकीची कड सारंगीसारखी आत वळलेली असेल तर ते जुनं १२. ते घेताना सुई सोबत मागून घ्या, आज बाजारात मिळणारी सुई त्याला चालत नाही.

आता नंबर, म्हणजे मॉडेलचा आकडा नव्हे, तर मशीनचा अनुक्रमांक. तो बैठकीवर उजवीकडे, खांबाच्या पायथ्याशी ठोकलेला असतो आणि शंभरातल्या नव्वद मशीनवर तेल-धुळीच्या काळ्या थराखाली गाडलेला असतो. इथेच मशीनची वाट लागते, माझ्याकडूनही लागली आहे. साताऱ्याच्या खण आळीतल्या एका शिंपीकाकांकडून स्फिंक्सची (सिंहाचं धड, माणसाचं डोकं) नक्षी असलेलं २७ मिळालं होतं. एसटीने मांडीवर धरून आणलं. नंबर दिसेना म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळ्यावर तपकिरी डाग आला, मला वाटलं मळ निघतोय. ती नक्षीवरची लाख होती. दुसऱ्या फेरीत स्फिंक्सचा सोनेरी चेहरा राखाडी-चंदेरी झाला, आणि तो आजही तसाच आहे.

म्हणून स्पिरिट नको, थिनर नको, काच पुसायचं निळं पाणी नको, सँडपेपर तर मुळीच नको. रॉकेलने ‘मस्त निघतं’ म्हणणाऱ्यांना ते आतल्या लोखंडी भागांपुरतं वापरू द्या, नक्षीजवळ नको. शिलाई मशीनचं पांढरं तेल कापसावर घ्या, नंबरावर ठेवा आणि रात्रभर सोडा. सकाळी बांबूच्या काडीने खाचेतला मळ उकरा, सुईने नाही. परत तेल, परत काडी. घाई केली की पश्चात्ताप ठरलेला. मग तेल टिपून पातळ कागद ठेवा आणि वरून पेन्सिल आडवी घासा. डोळ्याला न दिसणारा आकडा कागदावर उमटतो. नंबराचं पहिलं अक्षर टॉर्च बाजूने धरून तपासा, झिजलेला ‘जी’ हमखास ‘सी’ वाटतो.

सिंगरच्या नंबरात अक्षरच नसेल तर मशीन १९०० च्या आधीचं. ‘जी’ म्हणजे अमेरिकेतला एलिझाबेथपोर्टचा कारखाना. ‘एफ’ आणि ‘वाय’ स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचे, त्यातलं ‘वाय’ १९२१ ते १९३५ दरम्यानचं. मॉडेलच्या आकड्यानंतरचा ‘के’ही त्याच कारखान्याचा, किलबोवी हे त्याचं दुसरं नाव. यादीत नंबरासमोर सापडणारी तारीख मात्र नंबरांचा गठ्ठा दिल्याची असते, मशीन बनून बाहेर पडल्याची नाही. तेव्हा एखाद्या वर्षासाठी हुज्जत घालू नका.

स्टँडवर ओतीव अक्षरात काय लिहिलंय त्यावर डोक्याचं, म्हणजे वरच्या मशीनचं, मूळ ठरवू नका, दोन्ही अनेकदा वेगळ्या घरची असतात.

सांगलीत घेताना एक जास्तीची तपासणी करा. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि त्या पाण्यात बुडालेली मशीनं अजून रंग मारून फिरतात. डोकं मागे कलवून खालच्या दांड्यांच्या कोपऱ्यात बोट फिरवा. वाळलेला पुराचा गाळ पिठासारखा हाताला लागतो. चाक घट्ट असेल तर जोर लावू नका. सगळ्या सांध्यांत तेल सोडून दोन दिवसांनी परत या.

एकाच १५ ची दहा डोकी जमवण्यापेक्षा प्रत्येक घडणीचं एक ठेवा, आणि रंग उडालेलं असलं तरी पुन्हा रंगवू नका. पेन्सिलीचा कागद वहीत चिकटवा, शेजारी मशीन कुठल्या गावातून, कुणाच्या घरून आलं ते लिहा. २७ ची लांब बॉबिनं भंगारात दिसली की उचला, मशीनपेक्षा तीच आधी हरवतात.