ट्रकचं इंजिन बसलं: बांधायचं की बदलायचं?

गाडी बंद पडली की कळंबोलीत, नवी मुंबईतल्या ट्रकच्या अड्ड्यावर, कोणीतरी लगेच सांगतं, शेठ दुसरं इंजिन टाका, दोन दिवसांत रस्त्यावर. थांबा जरा. आहे तेच इंजिन खोलून, गेलेले पार्ट बदलून बांधताही येतं. आधी हेड (इंजिनचा वरचा भाग) आणि खालचं ऑइल चेंबर उतरवून बघा नक्की काय गेलंय ते.

ऑइल दुधाळ झालंय म्हणजे पाणी मिसळलंय, ते हेडखालचं गॅस्केट गेल्यामुळे पण होतं आणि ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्याला, चीर गेल्यामुळे पण, म्हणून ब्लॉकची प्रेशर टेस्ट करूनच घ्या. नुसते आतले झिजणारे पार्ट, म्हणजे लायनर-पिस्टन, रिंगा, बेअरिंग गेले असतील तर बिनधास्त बांधा. क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा) मात्र मशीन शॉपमध्ये स्वतः उभं राहून मोजून घ्या, दर वेळी तो पाव-पाव एमएमने घासत जातात, शेवटच्या साईजला आलेला, म्हणजे अजून घासता येत नसेल तर नवीन क्रँकचा खर्च धरूनच हिशोब करा. पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असेल तर माझ्या मते बदललेलंच बरं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुनं इंजिन घेताना चालू करून दाखवायला सांगा, गरम झाल्यावर ऑइलचं झाकण काढा, भकाभका धूर आला तर तिथून निघा. इंजिन नंबर खोडलेला नको, बिल पक्कं हवं, कारण नवा नंबर आरटीओत आरसीवर चढवावा लागतो, नाहीतर पासिंगला (आरटीओच्या फिटनेस तपासणीला) गाडी अडकते, आणि ८ वर्षांवरच्या गाडीला पासिंग दरवर्षी असतं.

बांधा किंवा बदला, रेडिएटर साफ करा आणि टर्बो, डिझेलचा पंप, नोझल तपासा, त्याशिवाय गाडी लोडला काढू नका.