प्रोबॅबिलिस्टिक ग्राफिकल मॉडेल्सचा ऑनलाइन कोर्स करताय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात, पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीत उतरतात आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षांत मशीन लर्निंगकडे वळतात. त्यातल्या ज्यांना खोलात जायचं असतं ते डॅफनी कोलर यांच्या स्टॅनफर्डच्या प्रोबॅबिलिस्टिक ग्राफिकल मॉडेल्सच्या कोर्सपर्यंत पोचतात. अनिश्चित गोष्टींमधले संबंध ठिपके (नोड) आणि बाण काढून मांडायचे आणि त्यावरून शक्यता काढायच्या, असा हा विषय. कोर्सेरावर हा कोर्स २०१२ साली आला. आता त्याचे तीन भाग आहेत: रिप्रेझेंटेशन (मॉडेल मांडणं), इन्फरन्स (त्यावरून शक्यता काढणं) आणि लर्निंग (डेटातून मॉडेल शिकणं). कोर्स अवघड आहे. अडलं की आपली मुलं इंग्रजीला दोष देतात, पण व्हिडिओचा वेग कमी करून खाली अक्षरं लावली की ती अडचण बरीचशी सुटते. खरी अडचण ग्राफ वाचण्यात असते, आणि ती कागद-पेन घेतल्याशिवाय सुटत नाही.

पाया कच्चा ठेवून पुढे जाणं

दुसऱ्या पीयूसीच्या गणितात बेजचं प्रमेय होऊन गेलेलं असतं, पण परीक्षेसाठी आपण सूत्रात आकडे घालून उत्तर काढलेलं असतं. इथे तेवढं पुरत नाही. हो-नाही अशी तीन व्हेरिएबल्स घ्या, आठ ओळींचं जॉइंट टेबल (किमतींच्या प्रत्येक जुळणीची शक्यता देणारा तक्ता) मांडा आणि दोन कामं हातानं करा. एक, नको असलेलं व्हेरिएबल बेरीज करून काढून टाका. दोन, एखाद्या व्हेरिएबलची किंमत कळली असं धरून न जुळणाऱ्या ओळी खोडा आणि उरलेल्या ओळींना त्यांच्या बेरजेनं भागा. ही दोन कामं वेगळी आहेत. पुढे इन्फरन्समध्ये गोंधळ होतो तो बहुतेक वेळा त्यांची सरमिसळ झाल्यामुळे, किंवा शेवटचा भागाकार राहून गेल्यामुळे.

फक्त बाण बघणं, नसलेले बाण न बघणं

कोर्समधलं विद्यार्थ्याचं उदाहरण घ्या. विषयाची काठिण्यपातळी, विद्यार्थ्याची बुद्धी, ग्रेड, एसएटी या अमेरिकेतल्या प्रवेशपरीक्षेचे गुण आणि शिफारसपत्र अशी पाच व्हेरिएबल्स. ग्रेडच्या तीन किमती, बाकी सगळ्यांच्या दोन. सरळ जॉइंट टेबल केलं तर ४८ ओळी, म्हणजे ४७ स्वतंत्र आकडे लागतात. ग्राफ वापरला तर १५ पुरतात. ही बचत न काढलेल्या बाणांमुळे होते. शिफारसपत्राकडे बुद्धीकडून थेट बाण नाही, याचा अर्थ एकदा ग्रेड कळली की बुद्धीची माहिती पत्राबद्दल नवं काही सांगत नाही. प्रत्येक ग्राफपुढे थांबा, कुठला बाण नाही आणि म्हणून आपण काय गृहीत धरलं, हे एका वाक्यात लिहा. ही सवय लागली की पहिला भाग निम्मा सोपा होतो.

व्ही-स्ट्रक्चर पाठ करणं

सगळ्यात जास्त मुलं अडतात ती इथे, म्हणून जरा सविस्तर.

साखळी आपल्याकडच्या उदाहरणानं लगेच कळते. कणकुंबीला पाऊस पडतो, मलप्रभेची पातळी वाढते, खानापूरचा घाट पाण्याखाली जातो. खानापुरात नदीची पातळी मोजलेली असेल, तर घाटाबद्दलच्या अंदाजात कणकुंबीचा पाऊस काही भर घालत नाही. मधलं कळलं की माहिती जाण्याची वाट बंद. एकाच कारणाचे दोन परिणाम असतील तरी हेच होतं: पावसामुळे शाळेला सुटी आणि पावसामुळेच बसला उशीर. पाऊस पडतोय हे माहीत असेल तर सुटीवरून बसचा अंदाज बदलत नाही.

दोन बाण एकाच नोडवर येऊन मिळाले, म्हणजे व्ही-स्ट्रक्चर झालं, की मात्र नियम उलटतो. समजा बेळगावात नळाला पाणी आलं नाही. कारणं दोन धरू: पंपिंग स्टेशनची वीज गेली किंवा पाइपलाइन फुटली. उदाहरणापुरती वीज जाण्याची शक्यता ०.२ आणि पाइप फुटण्याची ०.१ माना. दोन्ही एकमेकांवर अवलंबून नाहीत आणि दोन्हींपैकी एक घडलं तरी पाणी बंद. मग पाणी न येण्याची शक्यता १ − ०.८ × ०.९ = ०.२८. नळ कोरडा आहे एवढंच कळलं, तर पाइप फुटला असण्याची शक्यता ०.१ ÷ ०.२८, म्हणजे सुमारे ०.३६. आता कुणीतरी सांगितलं की स्टेशनची वीज गेली होती. पाइपची शक्यता पुन्हा ०.१ वर येते. विजेचा आणि पाइपचा एरवी काही संबंध नव्हता, तो नळ कोरडा बघितल्यावर निर्माण झाला. याला एक्सप्लेनिंग अवे म्हणतात.

हे गणित स्वतः करा, मग आकडे बदलून पुन्हा करा. डी-सेपरेशनचे, म्हणजे कुठली वाट कधी उघडी आणि कधी बंद याचे, नियम नुसते घोकले तर क्विझमधला एक हमखास प्रश्न चुकतो: मिळणाऱ्या नोडची किंमत माहीत नाही, पण त्याच्या खालच्या एखाद्या नोडची माहीत आहे. तेव्हाही वाट उघडते. नळ तुम्ही पाहिला नसेल, पण गल्लीत टँकर आलेला दिसला, तरी वीज आणि पाइप एकमेकांशी जोडले जातात.

कोड चालतो, उत्तर चुकतं

कोर्सचे जुने असाइनमेंट ऑक्टेव्ह किंवा मॅटलॅबमध्ये आहेत. त्यांत फॅक्टरच्या (काही व्हेरिएबल्सच्या प्रत्येक जुळणीला एक आकडा देणाऱ्या तक्त्याच्या) किमती एका लांब ओळीत ठेवलेल्या असतात आणि पहिलं व्हेरिएबल सगळ्यात भरभर बदलतं. पायथनच्या नमपायमध्ये नेहमीच्या मांडणीत शेवटचं व्हेरिएबल भरभर बदलतं. शिवाय ऑक्टेव्हची मोजणी १ पासून, पायथनची ० पासून. एकीकडचे आकडे दुसरीकडे जसेच्या तसे उतरवले तर एररही येत नाही, उत्तर मात्र चुकीचं. अशा मॉडेल्ससाठीची पायथनची पीजीएमपाय लायब्ररी वापरत असाल तर शक्यतांच्या टेबलच्या प्रत्येक उभ्या स्तंभाची बेरीज १ असायला हवी, ओळींची नव्हे.

उत्तर शून्य येत असेल तर दोन गोष्टी तपासा. ०.०१ ला स्वतःनं २०० वेळा गुणलं तर १० चा घात −४०० होतो, आणि इतकी लहान संख्या संगणकाच्या नेहमीच्या दशांश आकड्यांत मावत नाही, तो शून्य धरतो. लॉग घेऊन बेरीज करा. दुसरं, डेटात एखादी जोडी कधीच आली नसेल तर तिची शक्यता शून्य ठरते आणि सगळा गुणाकार शून्यावर जातो. तिथे प्रत्येक मोजणीत थोडी भर घालावी लागते, म्हणजे लाप्लास स्मूदिंग.

प्रोग्राम अडकून पडला तर लॅपटॉप बदलण्याआधी एलिमिनेशनचा, म्हणजे व्हेरिएबल्स बेरीज करून काढून टाकण्याचा, क्रम बघा. हो-नाहीचा एक मधला नोड आणि त्याला जोडलेले तसेच २० नोड घ्या. मधला आधी काढला तर २० व्हेरिएबल्सचा एकच फॅक्टर तयार होतो, १०,४८,५७६ किमतींचा. कडेचे आधी काढले तर प्रत्येक वेळी दोन किमतींचा. गणित तेच, उत्तर तेच.

लूपी बिलीफ प्रोपगेशन, म्हणजे नोड एकमेकांना पुन्हा पुन्हा संदेश पाठवून अंदाजे उत्तर काढतात ती पद्धत, स्थिरावत नसेल तर नवा संदेश पूर्ण न स्वीकारता जुन्यात थोडा थोडा मिसळा.

लर्निंगच्या भागात

ईएममध्ये (डेटात काही किमती नसताना फेऱ्याफेऱ्यांनी मॉडेलचे आकडे शिकण्याच्या पद्धतीत) प्रत्येक फेरीनंतर लॉग-लाइकलिहूड, म्हणजे मॉडेल डेटाशी किती जुळतं याचं माप, छापा. ते कमी होता कामा नये. लक्षात येण्याइतकं कमी झालं तर कोडमध्ये चूक आहे, डेटाला दोष देऊ नका. वाढून थांबलं तरी वेगवेगळ्या सुरुवाती घेऊन पुन्हा चालवा, कारण ते सगळ्यात उंच शिखराऐवजी जवळच्याच टेकडीवर थांबलेलं असू शकतं.

स्ट्रक्चर, म्हणजे कुठे बाण आहेत हे, डेटातून शिकताना नुसतं लाइकलिहूड वापरलं तर बाण वाढवल्यानं ते कधीच कमी होत नाही, म्हणून बीआयसीसारखा, गुंतागुंत वाढली की दंड लावणारा स्कोअर घ्या. आणि डेटातून आलेल्या बाणाला लगेच कारण म्हणू नका. पाऊस आणि नदीची पातळी या दोनच गोष्टींची नोंद दिली, तर पावसाकडून नदीकडे जाणारा बाण आणि नदीकडून पावसाकडे येणारा बाण यांना बीआयसी सारखेच गुण देतो. पाऊस आधी पडतो हे आपल्याला माहीत असतं, त्या दोन रकान्यांना नसतं. तिथे दिशा ठरवायची असेल तर ती माहिती तुम्हीच घालायला हवी, आणि रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहायला हवं.