द्राक्षातली भुरी: डबे बदलले, औषध मात्र तेच

बागायतदार बंधू-भगिनींनो,

डिसेंबर-जानेवारीत नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या बागा सेटिंगपासून (मणी धरणे) पाणी उतरण्यापर्यंतच्या (मणी मऊ पडू लागणे) वेगवेगळ्या टप्प्यांत असतात. पहाटे गारवा, दुपारी २५-२८ अंशांची ऊब आणि दाट कॅनॉपीची, म्हणजे पानोऱ्याची सावली, अशी हवा भुरीला, म्हणजे पांढऱ्या पावडरीसारख्या दिसणाऱ्या बुरशीला, मानवते. डाऊनीला (केवडा रोगाला) पान ओले लागते, भुरीला लागत नाही. त्यामुळे पाऊस थांबला म्हणून फवारणीत ढिलाई झाली की ती डोके वर काढते. मग दुकानातून बहुतेक वेळा ट्रायझोल या बुरशीनाशक गटाचा डबा येतो. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या नावाचा, त्यानंतर तिसऱ्या नावाचा. तरीही भुरी हटत नाही, आणि दोष औषधाच्या दर्जाला दिला जातो. कारण बहुधा दुसरेच असते. ते समजायला बुरशीच्या पेशीत डोकवावे लागेल.

बुरशीच्या पेशीभोवती एक पातळ पटल असते. आत काय यावे आणि बाहेर काय जावे, हे ते सांभाळते. ते फार ढिले पडू नये आणि फार ताठही होऊ नये, यासाठी त्यात स्टेरॉल लागते. आपल्या शरीरात हे काम कोलेस्टेरॉल करते, बहुतेक बुरशींत एर्गोस्टेरॉल. शार्ल तान्रे या फ्रेंच औषधनिर्मात्याने ते १८८९ मध्ये राय धान्यावरच्या अरगट बुरशीतून वेगळे काढले. आपल्या बाजरीवर येणारा अरगट त्याच कुळातला.

हे स्टेरॉल बुरशी स्वतःच घडवते. ॲसिटिल-कोएपासून मेव्हॅलोनेट, त्यापासून स्क्वॅलीन, आणि स्क्वॅलीनची लांब साखळी वळून चार कड्यांचे लॅनोस्टेरॉल तयार होते. त्याच्या १४ क्रमांकाच्या कार्बनवर एक जादा मिथाइल गट असतो. तो काढला नाही तर दगडी भिंतीत एखाद्या दगडाचे टोक बाहेर राहावे तसे होते, शेजारचे थर नीट बसत नाहीत. मिथाइल काढणाऱ्या विकराचे (एन्झाइमचे) नाव सीवायपी५१. त्याच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो, आणि ट्रायझोलच्या कड्यातला नायट्रोजन नेमका त्या लोहाला धरून बसतो. पुढचे काम अडते, अर्धवट स्टेरॉल साठत जाते, पटल बिघडते आणि बुरशीची वाढ खुंटते. भुरीवर्गातल्या बुरशी शेवटी एर्गोस्टेरॉलऐवजी त्याच्या जवळचे दुसरे स्टेरॉल बनवतात, पण मिथाइल काढण्याची पायरी त्यांनाही चुकत नाही. म्हणून ट्रायझोल भुरीवर चालते.

आता यातून बागेत काय करायचे ते पाहू.

बीजाणू पानावर पडतो तेव्हा त्याच्याकडे स्टेरॉलची शिदोरी आधीच असते. त्यामुळे ट्रायझोल असले तरी तो रुजतो, अंकुर काढतो. शिदोरी संपून नवे स्टेरॉल घडवायची वेळ आली की अडतो. म्हणजे हे औषध लागण होण्याआधी किंवा झाल्याझाल्या मारायचे आहे. घडावर पांढरी पावडर दिसू लागली की बुरशी बीजाणूंच्या माळा उभ्या करत असते. दहापट मोठे दिसणारे भिंग देठावर धरा, त्या माळा दिसतील. अशा वेळी ट्रायझोलवर विसंबून राहिलात, तर लाखो बीजाणूंतून औषधाला दाद न देणारे तेवढे आपण वेचून ठेवतो.

हे दाद न देणे कसे येते, तेही पाहा. सीवायपी५१ मध्ये १३६ व्या जागी टायरोसीन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलॲलनीन हे दुसरे आले की ट्रायझोलची पकड सैल होते. फ्रान्समधल्या द्राक्षांवरच्या भुरीत हा बदल १९९७ मध्ये नोंदवला गेला. काही बुरशी त्याच जनुकाच्या जादा प्रती करून विकरच वाढवतात. प्रतिकार एका रात्रीत येत नाही, हळूहळू चढतो. ‘मागच्या वर्षी आठवडाभर पुरायचे, यंदा चार दिवसांत परत दिसते’ असे वाटू लागले, तर त्याची दखल घ्या. डोस वाढवू नका, गट बदला.

गट बदलणे म्हणजे डबा बदलणे नव्हे. हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल, पेनकोनॅझोल, टेट्राकोनॅझोल, फ्लुसिलाझोल, मायक्लोब्युटॅनिल ही सगळी त्याच एका विकरावर जातात. जोड-औषधांत तर हा गट लपून येतो: टेब्युकोनॅझोल अधिक ट्रायफ्लॉक्सीस्ट्रोबिन, किंवा ॲझॉक्सीस्ट्रोबिन अधिक डायफेनोकोनॅझोल मारले, तरी ट्रायझोलची एक फवारणी झालीच. डब्यावरचे मोठे व्यापारी नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेला घटक वाचा. नावाच्या शेवटी ‘झोल’ आहे एवढ्यावरही जाऊ नका. भातावरच्या करप्याचे ट्रायसायक्लाझोल स्टेरॉलला हात लावत नाही, ते बुरशीचे मेलॅनिन अडवते.

माझे सांगणे असे, की छाटणीपासून काढणीपर्यंत ट्रायझोल दोन-तीन वेळांपेक्षा जास्त नको, आणि लागोपाठ दोनदा तर नकोच. मधल्या फवारण्या गंधकाच्या ठेवा. गंधक एकाच विकरावर अवलंबून नसल्याने त्याला प्रतिकार सहजी येत नाही. फक्त ऊन कडक असताना मारू नका, मण्यांवर डाग पडतात. वेगळ्या गटाचे औषध हवे असेल तर मेट्राफेनॉन किंवा सायफ्लुफेनामिड स्टेरॉलशी संबंधित नाहीत. ॲम्पेलोमायसिस ही बुरशी तर भुरीवरच जगते, मात्र तिच्या आगेमागे गंधक किंवा रासायनिक बुरशीनाशक येऊ देऊ नका.

डाऊनीसाठी ट्रायझोल मारणे म्हणजे पैसे पाण्यात. डाऊनीचा जीव खऱ्या बुरशींतला नाही. तिच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते आणि तिला घरचे एर्गोस्टेरॉल लागतच नाही. अडवायला तिथे काही नाही.

आणखी एक गोष्ट फार कमी जण लक्षात घेतात. आंब्याला देतो ते पॅक्लोब्युट्राझोल हेही ट्रायझोलच. ते झाडातले जिबरेलिन हे वाढीचे संप्रेरक रोखते. बुरशीनाशक ट्रायझोलमध्येही हा गुण कमीअधिक असतो. मण्यांच्या फुगवणीसाठी एकीकडे जीएची डिपिंग (घड जिबरेलिक आम्लात बुडवणे) आणि दुसरीकडे ट्रायझोलच्या फवारण्यांवर फवारण्या, हे परस्परांविरुद्ध जाते. पाने गडद, जाड आणि पेरे आखूड दिसत असतील, तर फवारणीची वही उघडा.

फुलोऱ्यापासून मणी धरल्यानंतरचे तीन-चार आठवडे सर्वांत नाजूक. पुढे मणी स्वतःच भुरीला बऱ्यापैकी दाद देईनासा होतो, पण देठ आणि घडाचा दांडा धोक्यातच राहतात. ट्रायझोल रसाबरोबर वरच्या दिशेने पानात चढते. मणी पाणी फारसे उडवत नाही, म्हणून त्याच्यापर्यंत ते आतून कमीच पोहोचते. घड थेट भिजला पाहिजे. त्यासाठी फेलफुटी (नको असलेल्या बाजूच्या फुटी) आणि घडावर झाकोळणारी पाने आधी काढा, मग ब्लोअर फिरवा. नुसत्या उन्हानेही बरेच बीजाणू मरतात.

निर्यातीचा माल असेल, तर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामाच्या यादीत घटक आहे का आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, हे पाहिल्याशिवाय डबा उघडू नका. पाणी उतरल्यानंतर ट्रायझोलकडे शक्यतो वळूच नये. काढणी झाली की भुरी काड्यांवर आणि डोळ्यांत तग धरते, तेव्हा खरड छाटणीतल्या काड्या बागेच्या कडेला न टाकता बाहेर नेऊन नष्ट करा आणि ओलांडे (वेलीच्या आडव्या जाड फांद्या) गंधकाने धुऊन घ्या.